नकल जॉइंटची नकल

मेकॅनिकलच्या कुठल्याही मुलाला रात्री दोन वाजता झोपेतून उठवा आणि फक्त "नकल जॉइंट" म्हणा. तो डोळे न उघडता आकृती काढून दाखवेल. एका रॉडच्या टोकाला डोळा, दुसऱ्या रॉडच्या टोकाला दोन पाकळ्यांचा फाटा आणि दोन्हींच्या आरपार एक पिन. मशीन डिझाइनच्या पेपरला हा प्रश्न म्हणजे हमखास मार्क! स्टेप्स पाठ असतात, "डिझाइन इज सेफ" असं शेवटी लिहून आपण खाली दोन रेघा मारतो आणि मोकळे होतो.

पण मित्र-मैत्रिणींनो, हा जॉइंट परीक्षेच्या बाहेर तुम्ही कधी पाहिलाय का? लांब जायची गरज नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कारखान्याचं धुराडं पेटलं की आपल्याकडच्या रस्त्यावर येऊन उभे राहा. उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर जातात. ट्रॅक्टर आणि पहिली ट्रॉली यांच्यामध्ये एक नकल जॉइंट असतो, पहिली आणि दुसरी यांच्यामध्ये आणखी एक. कारखान्यात नीट बनवलेल्या जोडण्याही असतात, पण कितीतरी ठिकाणी हा जॉइंट गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात, डोळ्याच्या अंदाजाने, हाताशी असलेल्या लोखंडातून बनलेला असतो. म्हणजे नकल जॉइंटची नकल! आपण परीक्षेत करतो तशीच, न समजता केलेली.

या लेखात ही नकल कुठे फसते ते आकडे मांडून बघू. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे शिअर स्ट्रेसला मराठीत "कर्तन प्रतिबल" म्हणतात हे मला हा लेख लिहायला घेतल्यावरच कळलं. तो शब्द चांगला आहे, पण पुढे मी आपला रोजचाच शब्द वापरणार आहे. सिव्हिल, कॉम्प्युटरवाल्यांनी घाबरू नये. गुणाकार आणि वर्गमूळ येत असलं की पुरे.

१) हा विषय कशासाठी?

तीन कारणं आहेत. पहिलं, आपल्या हॉस्टेलमधली निम्मी मुलं सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, नगर या पट्ट्यातली आहेत. कुणाच्या घरी ट्रॅक्टर आहे, कुणाचा चुलत भाऊ हंगामात ऊस वाहतूक करतो. दुसरं, रात्री जेवण करून बाइकवर परत येताना आपण याच ट्रॉल्यांच्या मागे असतो, चढावरसुद्धा. मागची ट्रॉली सुटली तर ती कुणाच्या अंगावर येणार हे सांगायला नको. तिसरं कारण सगळ्यात मोठं. हंगामाच्या सुरुवातीला बीड आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या कारखान्यांकडे येतात. भांडीकुंडी, अंथरूण, शेळ्या आणि लहान मुलं, सगळं एकाच ट्रॉलीत. मालाच्या ट्रॉलीत माणसं बसवायला कायद्याने परवानगी नाही, पण बसतात. त्या वेळी त्या ट्रॉलीला एक संपूर्ण वस्ती लटकलेली असते आणि ती वस्ती धरून ठेवणारी वस्तू असते एक पिन.

मागच्या सुट्टीत मी एका वेल्डिंगच्या दुकानात चार-पाच दिवस बसून असे हूक बनताना पाहिले. एक ड्रायव्हरकाका हूक पुन्हा वेल्ड करून घ्यायला आले होते. मी त्यांना विचारलं, "काका, हा हूक किती वजनाला चालतो?" ते हसून म्हणाले, "ताई, पाच वर्षं ओढतोय. काही झालं नाही." या लेखातलं सगळं गणित त्या एका वाक्याला उत्तर म्हणून आहे. कारण "ओढलं म्हणजे झालं" ही परीक्षाच अपुरी आहे. सपाट रस्त्यावर शांतपणे ओढताना जॉइंटवर जो भार येतो तो सगळ्यात सोपा पेपर असतो. खरे पेपर वेगळेच आहेत.

२) ओढ किती?

आकडे समजायला सोपे जावेत म्हणून एक नमुना घेऊ. ट्रॅक्टर २.२ टनांचा. मागे दोन ट्रॉल्या, उसासकट प्रत्येकी १० टन. म्हणजे मागे एकूण २० टन. खराब डांबरी रस्त्यावर टायर लोळवायला वजनाच्या साधारण ३ टक्के बल लागतं असं धरू, म्हणजे ६ किलोन्यूटन. वर २५ मध्ये १ असा चढ असेल तर ४ टक्के, म्हणजे आणखी ८ किलोन्यूटन. एकूण ओढ १४ किलोन्यूटन. साध्या भाषेत, जॉइंटला जवळजवळ दीड टन वजन टांगल्यासारखं.

आता पिन बघू. २५ मिलिमीटर व्यासाचा साधा माइल्ड स्टीलचा गज कापून पिन केली आहे. फाट्याला वर-खाली दोन पाकळ्या आहेत, म्हणजे पिन दोन जागी कापली जाऊ शकते, डबल शिअर. एका छेदाचं क्षेत्रफळ ४९१ चौरस मिलिमीटर, दोन्हींचं मिळून ९८२. माइल्ड स्टीलचा यील्ड २५० मेगापास्कल, शिअरमध्ये तो साधारण १४४. गुणाकार करा: १४१ किलोन्यूटन. लागतात १४, ताकद १४१. दहा पट! परीक्षेत आपण इथेच "डिझाइन इज सेफ" लिहून दोन रेघा मारल्या असत्या.

मग दुकानात दुरुस्तीला आलेल्या पिना केळ्यासारख्या वाकलेल्या का असतात?

३) पिन कापली जात नाही, वाकते

पुस्तकातल्या आकृतीत डोळा फाट्यात घट्ट बसलेला असतो. प्रत्यक्षात वळणावर दांडा फिरावा, खड्ड्यात वर-खाली व्हावा आणि एकट्या माणसाला ट्रॉली पटकन जोडता यावी म्हणून दोन पाकळ्यांमधलं अंतर ऐसपैस ठेवतात. समजा ८० मिलिमीटर. डोळ्याची जाडी असते जेमतेम २५. म्हणजे पिन आता दोन टेकूंवर ठेवलेल्या छोट्या तुळईसारखी झाली आणि भार तिच्या मध्यावर आला. सेकंड इयरची सिंपली सपोर्टेड बीम, दुसरं काही नाही.

या तुळईचा यील्ड काढायचा तर २५ मिलिमीटर पिनचा सेक्शन मॉड्युलस १५३४ घन मिलिमीटर. सूत्र: बल = ४ × यील्ड × मॉड्युलस ÷ अंतर. म्हणजे ४ × २५० × १५३४ ÷ ८०. उत्तर येतं १९ किलोन्यूटन.

थांबा आणि दोन्ही उत्तरं शेजारी ठेवा. शिअरच्या गणितात १४१, वाकण्याच्या गणितात १९. पिन तीच, लोखंड तेच. चढावरची शांत ओढ १४ आहे, म्हणजे १९ च्या अगदी जवळ. ही पिन दहा पट सेफ नव्हतीच, ती काठावर होती.

यातली आनंदाची गोष्ट अशी की दुरुस्ती स्वस्त आहे. पाकळ्यांच्या आतल्या बाजूला जाड वॉशर किंवा प्लेट बसवून अंतर ८० वरून ३० वर आणलं तर तीच पिन ५१ किलोन्यूटनपर्यंत टिकते. पिन २५ ऐवजी ३२ मिलिमीटरची घेतली तर मॉड्युलस दुपटीपेक्षा जास्त होतो, कारण तो व्यासाच्या घनावर अवलंबून असतो. दोन्ही एकदम केलं तर १०७ किलोन्यूटन. म्हणजे साडेपाच पट! अंतर कमी करताना दांड्याला वर-खाली हलायला जागा राहील एवढं मात्र बघावं लागतं, नाहीतर खड्ड्यात दांडाच पाकळ्या फाकवतो.

४) हिसका

तुम्ही म्हणाल, काठावर असली तरी १४ ला १९ पुरते ना? पुरली असती, जर ट्रॅक्टर नेहमी शांतपणे ओढत असता तर.

पिन २५ ची आणि डोळ्याचं भोक ४५ चं असं सर्रास असतं. म्हणजे २० मिलिमीटर मोकळी जागा. ट्रॉली चिखलात रुतून उभी आहे. ड्रायव्हर क्लच सोडतो. पहिले २० मिलिमीटर ट्रॅक्टर एकटाच पुढे पळतो, मागे कुणी नसल्यासारखा. १४ किलोन्यूटन ओढ आणि २.२ टन वजन, त्यामुळे त्या दोन सेंटिमीटरच्या शेवटी त्याचा वेग अर्धा मीटर प्रति सेकंद झालेला असतो. मग खाड्! पिन डोळ्याला आदळते आणि १० टनांची पहिली ट्रॉली त्याला थांबवते.

या धक्क्याचं बल काढायला ऊर्जेचं साधं गणित आहे: बल = वेग × वर्गमूळ(वस्तुमान × कडकपणा). इथे वस्तुमान म्हणजे ट्रॅक्टर आणि ट्रॉली मिळून येणारं परिणामी वस्तुमान, १.८ टन. जोडणी आणि चासी मिळून १ मिलिमीटर ताणायला १० किलोन्यूटन लागतात असं धरलं तर उत्तर येतं ६७ किलोन्यूटन. शांत ओढीच्या जवळजवळ पाच पट. आणि आपली पिन १९ ला वाकते.

कडकपणाचा आकडा मी धरलेला आहे, प्रत्येक ट्रॉलीला तो वेगळा असेल. पण सूत्राकडे नीट बघा. मोकळी जागा २० ऐवजी ५ मिलिमीटर केली तर वेग निम्मा होतो आणि धक्काही निम्मा, ३४ किलोन्यूटन. भोकात एक बुश ठोकायचा खर्च किती? चहा-नाश्त्यापेक्षा फार जास्त नाही.

दुसरी ट्रॉली आली की आणखी एक भानगड होते. तिच्या दांड्याचं वजन पहिल्या ट्रॉलीच्या शेपटीवर पडतं. पहिली ट्रॉली एकाच आसाची असेल तर ती सी-सॉसारखी वागते: शेपूट खाली, तोंड वर. मग ट्रॅक्टरकडचा तिचा दांडा खड्ड्याखड्ड्याला वर उसळी घेतो आणि पिनला वर ढकलतो. पिनच्या खाली लॉक नसेल तर ती सरळ वर येऊन बाहेर पडते. मी पाहिलेल्या काही जोडण्यांत लॉकच्या जागी तारेचा वेढा होता, एकात सुतळी होती. उसाच्या मोळ्या ट्रॉलीच्या मागच्या बाजूला जास्त रचल्या तरी असंच होतं.

५) वेल्डिंग: मजबूत लोखंड, कच्चा सांधा

हूक तुटला की दुकानात पहिला सल्ला मिळतो, "कमानपाट्याचा करू, तुटायचा नाही." कमानपाटा म्हणजे ट्रकच्या लीफ स्प्रिंगची पट्टी. ते पोलाद खरोखरच मजबूत असतं, त्यामुळे सल्ला पटतो. पण स्प्रिंग स्टीलमध्ये कार्बन ०.५ ते ०.६ टक्क्यांच्या आसपास असतो. त्याला साध्या रॉडने, आधी गरम न करता वेल्ड मारला की सांध्याच्या शेजारची पट्टी लाल होते आणि आजूबाजूचं गार लोखंड तिची उष्णता क्षणात ओढून घेतं. हे एक प्रकारचं क्वेंचिंगच झालं. तिथे मार्टेन्साइट तयार होतं, काचेसारखं कडक आणि काचेसारखंच ठिसूळ. शिवाय ओलसर रॉडमधला हायड्रोजन आत शिरतो आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, सांध्याच्या कडेला केसासारखी भेग पडते. वेल्ड वरून सुंदर दिसतो. भेग आत असते.

याच्या उलट गोष्ट हाय टेन्साइल बोल्टची. ८.८ ग्रेडचा बोल्ट हीट ट्रीटमेंट करून मजबूत केलेला असतो. तो गॅसवर लाल करून वाकवला की ती ट्रीटमेंट गेली. डोक्यावर ८.८ लिहिलेलं राहतं, ताकद राहत नाही. एकीकडे उष्णतेने लोखंड ठिसूळ झालं, दुसरीकडे मऊ. मटेरियल सायन्सच्या लॅबमध्ये जे आयर्न-कार्बन डायग्राम आपण ट्रेसिंग करून जर्नलमध्ये चिकटवतो, ते नेमकं इथे कामाला येतं.

आता काकांच्या "पाच वर्षं काही झालं नाही" कडे येऊ. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, वीस वेळा वाकवली की तुटते. हूकचंही तसंच. अंदाज करा: फडापासून कारखान्याच्या वजनकाट्यापर्यंत एका खेपेत १०० हिसके, दिवसाला २ खेपा, हंगाम १२० दिवसांचा. एका हंगामात २४,००० हिसके. प्रत्येक हिसका वेल्डच्या कडेची भेग थोडी पुढे सरकवतो. याला आपण फटीग म्हणतो. म्हणून पाच वर्षं टिकला हा हूक मजबूत असल्याचा पुरावा होत नाही. उलट त्याने लाखभर हिसके खाल्ले आहेत, एवढंच त्यातून कळतं.

६) हूक किती उंचीवर?

ट्रॅक्टर पुढची चाकं हवेत उचलून चढ चढतोय हे दृश्य आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलंय, बहुतेकांनी मोबाइलवर शूटही केलंय. त्याला लोक ट्रॅक्टरची ताकद समजतात. प्रत्यक्षात ती हूकच्या उंचीची चूक असते.

आपल्या नमुन्यातल्या ट्रॅक्टरचं वजन जवळजवळ २१.६ किलोन्यूटन. त्यातलं ४० टक्के, म्हणजे ८.६, पुढच्या चाकांवर आहे. दोन आसांमधलं अंतर १.९ मीटर. मागून १४ किलोन्यूटन ओढ आहे. हूक जमिनीपासून ०.४ मीटरवर असेल तर पुढच्या चाकांवरचं १४ × ०.४ ÷ १.९ म्हणजे २.९ किलोन्यूटन वजन कमी होतं. दांड्याचं उभं वजन ५ किलोन्यूटन आहे आणि ते मागच्या आसाच्या ०.८ मीटर मागे पडतं असं धरलं, तर त्याने आणखी २.१ कमी होतं. उरतात ३.६. स्टेअरिंग हलकं लागेल, पण चाकं जमिनीवर राहतील.

आता तोच हूक "ट्रॉली पुढून उंच होते, बरं पडतं" म्हणून ०.९ मीटरवर वेल्ड केला. ओढीमुळे कमी होणारं वजन झालं ६.६. दांड्याचे २.१ धरून एकूण ८.७. होते ८.६. संपलं! पुढची चाकं उचलली. स्टेअरिंग फिरवून काहीच होणार नाही. चढाचा स्वतःचा परिणाम मी अजून धरलेलाच नाही.

चिखलात रुतलेलं काही बाहेर काढताना साखळी मागच्या आसाच्या वर, टॉप लिंकच्या जागी बांधतात, तिथे तर जिवाशी गाठ असते. मागचं ओझं हललं नाही तर चाकाऐवजी अख्खा ट्रॅक्टरच आसाभोवती फिरतो आणि मागे पलटतो. हे सगळं एक-दोन सेकंदांत होतं, क्लच दाबायला वेळच मिळत नाही. म्हणून नियम सोपा: ओढायचं ते फक्त खालच्या ड्रॉबारवरून.

७) थांबायला किती जागा?

आतापर्यंत ओढण्याचं बोललो. उतारावर चित्र उलटं होतं, ट्रॉल्या ट्रॅक्टरला ढकलतात. उसाच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतात. म्हणजे २२ टनांची गाडी थांबवायला ब्रेक फक्त ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना.

ताशी २० किलोमीटर वेग धरू. एकटा ट्रॅक्टर साधारण ५ मीटरमध्ये थांबतो. त्या चाकांची पकड ९ किलोन्यूटन धरली तर दोन भरलेल्या ट्रॉल्यांसकट सपाट रस्त्यावर २२ मीटर लागतात. २५ मध्ये १ उतारावर ५० मीटर. यात ड्रायव्हरला दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंतचं अंतर धरलेलं नाही. रस्त्यावर ओला ऊस सांडलेला असेल तर पकड आणखी कमी. आणि ट्रॉल्या सरळ ढकलतील याची खात्री नाही, त्या ट्रॅक्टरला मागून वळवून आडवा करतात. पुढच्या वेळी बाइकवरून ट्रॅक्टरला कट मारून समोर घुसावंसं वाटलं तर हा ५० चा आकडा आठवावा, ही विनंती.

८) तुटल्यावर काय?

इथे खरा मुद्दा येतो. कितीही चांगला हूक केला तरी कधीतरी काहीतरी तुटणारच, हे धरून चालणं म्हणजे इंजिनिअरिंग. रेल्वेकडे बघा. १८७० च्या दशकात अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी ऑटोमॅटिक एअर ब्रेक आणला. त्यात पाइपमध्ये हवेचा दाब असेपर्यंत ब्रेक मोकळे राहतात. कपलिंग तुटून डबे वेगळे झाले की पाइप तुटतो, दाब जातो आणि सुटलेल्या डब्यांचे ब्रेक आपोआप लागतात. तुटणं हाच ब्रेकचा सिग्नल! केवढी साधी आणि केवढी शहाणी कल्पना.

आपल्या ट्रॉलीला एअर ब्रेक उद्या लागणार नाहीत. पण सेफ्टी चेन आजही लावता येते. हूक तुटला तरी ट्रॉली साखळीने ट्रॅक्टरला धरलेली राहते, दांडा जमिनीत रुतत नाही आणि चढावर ट्रॉली मागे पळत नाही. तिचे नियम थोडक्यात असे:

• साखळीची तुटण्याची ताकद ट्रॉलीच्या भरलेल्या वजनापेक्षा कमी नको. १० टनांच्या ट्रॉलीसाठी ग्रेड ८० ची १० मिलिमीटर साखळी पुरते. तिचं कामाचं वजन ३.१५ टन लिहिलेलं असतं, तुटायला त्याच्या चौपट लागतं. गोठ्यातली किंवा फाटकाची साखळी चालत नाही.

• साखळी ट्रॅक्टरच्या चासीला बांधायची. ज्या पिनचा भरवसा नाही तिच्यातच साखळी अडकवली तर दोन्ही एकदम सुटतात.

• दांड्याखालून घ्यायची, म्हणजे दांडा पडला तर झोळीत पडल्यासारखा पडेल. वळायला पुरेल एवढी सैल, रस्त्याला घासणार नाही एवढी घट्ट.

• दोन ट्रॉल्यांना दोन साखळ्या. दुसरी ट्रॉली पहिलीला बांधलेली नसेल तर अर्धंच काम झालं.

शेतीच्या ट्रॅक्टरची जोडणी कशी असावी यावर जगभर मानकं आहेत. ट्रॅक्टरकडच्या हूकसाठी आयएसओ ६४८९, ट्रॉलीकडच्या कडीसाठी आयएसओ ५६९२. प्रोजेक्टचा विषय शोधणाऱ्यांनी हे दोन आकडे लिहून ठेवावेत.

९) आपलं टोचन

ट्रॉल्यांना नावं ठेवताना हॉस्टेलचं टोचन विसरून चालणार नाही. पेट्रोल संपलं की मागचा बाइकवाला पुढच्याच्या फूटरेस्टवर पाय ठेवून ढकलत आणतो. पाय हा एकाच बाजूचा, सैल आणि लॉक नसलेला नकल जॉइंट आहे! ढकल एका कडेला लागते, त्यामुळे पुढची गाडी वळायला बघते, आणि पुढच्याने अचानक ब्रेक लावला तर गुडघा मध्ये सापडतो. गाडी हाताने ढकलत आणा, नाहीतर बाटलीत पेट्रोल घेऊन कुणाला तरी बोलवा.

कार ओढताना नायलॉनचा दोर बंपरला बांधू नका. चासीवर टोइंगसाठी हूक किंवा स्क्रूची जागा दिलेली असते, तिलाच बांधा. नायलॉन रबरासारखा ताणतो आणि ताणलेली ऊर्जा साठवतो. बांधलेली जागा उपटली की तो लोखंडाचा तुकडा गोफणीतल्या दगडासारखा येतो. ओढणं चालू असताना दोराच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही.

१०) आपल्याला काय करता येईल?

सुट्टीत घरी गेलात की हंगामाआधी आपल्या, शेजारच्या किंवा मामांच्या ट्रॅक्टरजवळ दहा मिनिटं बसा आणि हे तपासा:

१. पिन काढून सपाट फरशीवर लोळवा. डुगडुगली तर वाकलेली आहे. बदला, सरळ करून पुन्हा वापरू नका.
२. पिन आणि भोक दोन्हींचा व्यास मोजा. फरक ५ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर बुश बसवा.
३. पाकळ्यांमधलं अंतर आणि डोळ्याची जाडी मोजा. फट मोठी असेल तर प्लेट टाका.
४. पिनला खालून लॉक आहे ना बघा. तार आणि सुतळी म्हणजे लॉक नव्हे.
५. वेल्डच्या कडा तारेच्या ब्रशने साफ करून बघा. गंजाची बारीक रेघ दिसली तर ती भेग समजा. वर दुसरा वेल्ड चढवू नका, हूक बदला.
६. हूक कमानपाट्याचा वेल्ड केलेला असेल तर तो बदलायच्या यादीत सगळ्यात वर.
७. हूकची उंची टेपने मोजा. मागच्या आसापेक्षा खाली हवी.
८. सेफ्टी चेन, आणि मागच्या ट्रॉलीला लाल रिफ्लेक्टर. रात्री आपल्याच मित्रांना ती ट्रॉली दिसायला हवी.

हे बोलताना एक काळजी घ्या. वेल्डिंगवाले मिस्त्री किंवा ड्रायव्हरकाका यांना "तुमचं चुकलं" म्हणून शिकवायला जाऊ नका. ज्या मिस्त्रींकडे मी बसले होते त्यांचा हात आपल्या वर्कशॉपमधल्या कुणाहीपेक्षा सरस होता. त्यांना गणित कुणी सांगितलंच नव्हतं. ८० आणि ३० चा हिशोब मी कागदावर मांडला तेव्हा त्यांनी दोन मिनिटं तो कागद बघितला आणि म्हणाले, "एवढ्याने एवढा फरक पडतो? मग हे कुणी सांगत का नाही?" त्यानंतर आलेल्या ट्रॉलीला त्यांनी न सांगता आतून प्लेटा मारल्या.

आता एक सूचना, विशेष करून सर आणि मॅडम यांच्यासाठी. आपलं एनएसएसचं शिबिर दरवर्षी एका गावात भरतं. श्रमदान होतं, झाडं लावली जातात, ते चांगलंच आहे. यंदा एक दिवस ट्रॉली तपासणीला देऊया का? साहित्य फार लागत नाही: दोन व्हर्नियर, टेप, तारेचे ब्रश, भेग शोधायला डाय पेनिट्रंटच्या तीन-चार बाटल्या आणि रिफ्लेक्टरची लाल टेप. डिप्लोमाहून आलेल्या मुलांना वेल्डिंग चांगलं येतं, ते प्लेटा आणि बुश बसवतील. बाकीचे मोजतील, लिहून ठेवतील. मी नाव द्यायला तयार आहे, आमच्या विंगमधल्या चौघी तयार आहेत. ज्यांना यायचंय त्यांनी मेकॅनिकलच्या नोटीस बोर्डाजवळ यादी लावली आहे तिथे नाव लिहावं. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात. आपलं काम त्याच्या आधी व्हायला हवं.